खिशातला छोटा चाकू: पातं कुठल्या पोलादाचं, मूठ कशाची?

निवडुंग

नमस्कार मंडळी,

बारा-तेरा वर्षं खिशात असलेला घडीचा चाकू परवा निवृत्त झाला. पातं जेमतेम सात सेंटीमीटर, मूठ काळ्या प्लॅस्टिकची. पात्यावर कंपनीचं नाव कधीच पुसलं गेलंय, फक्त "स्टेनलेस" एवढंच वाचता येतं. पार्सलं उघडणं, सुतळी कापणं, सफरचंद चिरणं, पेन्सिलीला टोक काढणं, क्वचित वायरचं इन्शुलेशन सोलणं, एवढाच त्याचा संसार.

नवा घ्यावा म्हणून वाचायला बसलो आणि चक्रावलो. डी२, १४सी२८एन, एस३५व्हीएन, एम३९०, मॅग्नाकट... ही पोलादांची नावं आहेत की गाड्यांच्या नंबरप्लेटा? मुठीचंही तेच. मायकार्टा, जी१०, टायटॅनियम, कार्बन फायबर, हाड, शिंग, लाकूड. सध्या मन एम३९० पातं आणि टायटॅनियमची मूठ इथवर आलंय, कारण "धार सर्वांत जास्त टिकते" असं सगळीकडे लिहिलंय. वापरणाऱ्यांनी सांगा, बरोबर चाललोय का?

---

शंकासुर

पेन्सिलीला टोक काढायला एम३९०! रणगाडा काढून भाजी आणायला जाणार म्हणा की :)

बाकी एक सोपी युक्ती सांगतो. पात्याला चुंबक लावून बघा. चिकटला तर स्टेनलेस नाही, फसवलंय.

---

टूलरूमवाला

शंकासुर, ही युक्ती भांड्यांना चालते, चाकूंना नाही. ताटं-वाट्या ज्या स्टेनलेसच्या असतात त्यात निकेल असतं, म्हणून चुंबक चिकटत नाही. पण ते पोलाद पाणी पाजून, म्हणजे तापवून झटकन थंड करून, कडक होत नाही, त्यामुळे त्याचं पातं सहसा कुणी करत नाही. चाकूचं स्टेनलेस वेगळ्या जातीचं, त्याला चुंबक चिकटतोच. उलट न चिकटला तर काळजी करा.

निवडुंग, उत्तर देण्याआधी एक प्रश्न. जुना चाकू नेमका कशानं गेला?

---

निवडुंग

एका बाजूची प्लॅस्टिकची पट्टी रिव्हेटपाशी तडकली होती. टेप लावून वर्षभर चालवलं, मग तुकडाच पडला. शिवाय पातं उघडताना करकर आवाज येतो, सांध्यात गंज दिसतो. धारेचं म्हणाल तर दगडावर चार हात मारले की होते बरी.

---

टूलरूमवाला

म्हणजे बारा वर्षांत धारेनं तुम्हाला कधी दगा दिला नाही. मूठ तुटली आणि सांधा गंजला. आणि नवा घेताना तुम्ही शोधताय काय, तर धार सर्वांत जास्त टिकणारं पोलाद! दुखतंय गुडघा आणि चष्म्याचा नंबर तपासून घेताय.

माझा जन्म डाय-पंचमध्ये, म्हणजे कारखान्यातले पोलादी साचे बनवण्यात गेला, चाकू हा फावल्या वेळचा नाद. त्या अनुभवावरून सांगतो. पोलादाचं नाव हा फक्त शिधा. स्वयंपाक म्हणजे पाणी पाजणं. १०९५ सारखं साधं कार्बन पोलाद आठशे अंशांच्या आसपास तापवून झटकन तेलात बुडवायचं, स्टेनलेस जातीची पोलादं हजाराच्या वर न्यायची. बुडवून काढल्यावर पातं काचेसारखं होतं, हातातून पडलं तर दोन तुकडे. म्हणून पुन्हा दोनशेच्या आसपास तापवून थोडा कडकपणा उतरवायचा. ही उतरवणी कुणी किती मनापासून केली, यावर सगळं अवलंबून. नीट पाणी दिलेलं साधं ४२०एचसी स्टेनलेस छान कापताना मी पाहिलंय आणि घाईत भट्टीतून काढलेलं महागडं पोलादही पाहिलंय. त्या दुसऱ्याच्या धारेला पुठ्ठा कापताना खांडं पडली होती.

कडकपणा मोजतात रॉकवेल सी मापात, हिऱ्याचं टोक दीडशे किलो भारानं दाबून. खिशातले चाकू बहुतेक ५६ ते ६२ मध्ये येतात. स्विस आर्मी चाकूचं पातं ५६ च्या आसपास असतं, आणि ते मुद्दाम. लवकर बोथट होतं हे खरं, पण धार तुटण्याऐवजी वाकते आणि साध्या दगडावर दोन मिनिटांत परत येते.

---

खटका

टूलरूमवाल्यांशी सहमत, पण पोलादाला अगदीच गौण करू नका हो. आमच्यासारख्या चाकू जमवणाऱ्यांच्या पोटावर पाय :)

निवडुंग, त्या नंबरप्लेटांचा गुंता फार नाही. पोलादात कार्बन असतो. तो क्रोमियम, व्हॅनेडियम अशांशी जोडी जमवून कार्बाइडचे कण तयार करतो. हे कण म्हणजे सिमेंटमधली खडी. खडी जितकी जास्त आणि कठीण तितकी धार झिजायला वेळ लागतो. पण खडी मोठी असेल तर बारीक धारेतून निखळते, आणि जास्त असेल तर पातं ठिसूळ होतं. फुकट काहीच मिळत नाही.

डी२ मध्ये कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२ टक्के. खडी भरपूर, पण भरड. १४सी२८एन मध्ये कार्बन ०.६२ टक्के आणि थोडा नायट्रोजन. खडी कमी पण अगदी बारीक. त्याचा पूर्वज १२सी२७ आणि चुलतभाऊ एईबी-एल. एईबी-एल तर दाढीच्या ब्लेडसाठीच बनवलेलं, म्हणजे बारीक धार घेणं त्याच्या रक्तातच. एस३०व्ही २००१ मध्ये खास चाकूंसाठी म्हणून आलं, त्याला थोडं सोशिक केलं तेव्हा एस३५व्हीएन झालं. ही दोन्ही आणि एम३९० पावडरपासून बनतात. वितळलेल्या धातूचा फवारा मारून भुकटी करायची आणि ती दाबून-तापवून एकजीव करायची. त्यामुळे खडी भरपूर असूनही बारीक राहते.

आता मेख. व्हॅनेडियम कार्बाइड हे साध्या धारेच्या दगडातल्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतं. एम३९० मध्येही ते असतं, म्हणून ते एकदा बोथट झालं की घरच्या दगडावर धार यायला फार वेळ लागतो. हिऱ्याची पट्टी बरी पडते. तुमचे "चार हात" तिथे चाळीस होतील.

---

शंकासुर

डी२ मध्ये १२ टक्के क्रोमियम, म्हणजे ते स्टेनलेसच झालं की. साडेदहाच्या वर गेलं की स्टेनलेस, असंच शिकवतात ना?

---

खटका

तिथेच तर गंमत आहे. गंज अडवतं ते मोकळं क्रोमियम, धातूत विरघळलेलं. डी२ मधलं बरंचसं कार्बनशी लग्न करून बसलेलं असतं, ते गंजाच्या कामाचं नाही. म्हणून डी२ ला अर्धं स्टेनलेस म्हणतात. मॅग्नाकटमध्ये क्रोमियम जेमतेम १०.७ टक्के, पण कार्बनला व्हॅनेडियम आणि नायोबियमकडे गुंतवून क्रोमियम जवळपास सगळं मोकळं ठेवलंय. त्यामुळे ते १४ टक्केवाल्या एस३०व्ही पेक्षाही कमी गंजतं. लॅरिन थॉमस नावाच्या धातुशास्त्रज्ञानं ते बेतलं, २०२१ मध्ये बाजारात आलं.

डी२ चा माझा अनुभव: लिंबू कापलं, रुमालाला पुसल्यासारखं केलं आणि घडी घालून ठेवून दिलं. चार दिवसांनी उघडलं तर पात्यावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके. घासल्यावर ठिपके गेले, पण प्रत्येकाच्या जागी सुईच्या टोकाएवढा खड्डा. अजून आहेत.

---

कलमी

वाचतेय. मी झाडांची कलमं करते, त्यामुळे चाकू रोज हातात.

मला कार्बन पोलादच आवडतं. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूनं असते, दुसरी बाजू सपाट, म्हणजे काप सरळ येतो आणि दोन्ही सालींची गाठ नीट पडते. त्याची धार वस्तऱ्यासारखी लागते आणि ती साध्या कार्बन पात्याला सगळ्यात पटकन येते. झाडाच्या चिकानं पातं काळं पडतं, पडू दे. सफरचंद कापलं की निळसर-जांभळी झाक येते, हळूहळू सगळं पातं करडं होतं. तो थर थोडाफार राखतोही. लाल गंज तेवढा दिसला की लगेच घासून काढायचा. निळा-काळा चालेल, लाल चालणार नाही, एवढंच लक्षात ठेवलंय मी.

खिशात मात्र ओपिनेल असतो, लाकडी मुठीचा. हे चाकू फ्रान्सच्या सव्हॉय भागात १८९० पासून बनतात. मूठ बीच लाकडाची, पातं कार्बन किंवा १२सी२७ चा एक प्रकार, दोन्हीत मिळतं. पावसात भिजला की लाकूड फुगून पातं आत घट्ट बसतं, नखानं काही निघत नाही. मग मुठीचं मागचं टोक ओंडक्यावर टकटक आपटायचं, पातं आपसूक थोडं बाहेर येतं. ही तिथलीच जुनी पद्धत. सुरुवातीला मी चिडायचे, आता हात आपोआप ओंडका शोधतो.

---

लाकूडतोड्या

कलमी ताई, चाकू पूर्ण सुकवून मुठीची खाच आणि सांध्याजवळचं लाकूड जवसाच्या तेलात एक-दोनदा भिजवा. फुगणं बंद नाही होत, पण बरंच कमी होतं. खाचेच्या आतल्या बाजूला बारीक पॉलिश पेपर फिरवला तरी फरक पडतो.

निवडुंग, मुठींचा विषय माझा. चाकू मी बनवत नाही, पण तुटक्या मुठी बदलून देण्याचा छंद आहे. प्रत्येक मूठ कुठून मोडली हे बघत बघत जे कळलं ते सांगतो.

लाकूड, हाड, शिंग ही सगळी हवेबरोबर फुगतात-आकसतात. मधली धातूची पट्टी मात्र तशीच राहते. भांडण होतं रिव्हेटच्या भोकापाशी. त्यामुळे हाडाची मूठ जवळजवळ नेहमी पिनेपासून टोकाकडे तडकते. त्या हाडावर जे खवले-खवले कोरलेले असतात ते मुळात सांबरशिंगाची नक्कल म्हणून आले. खरं सांबरशिंग एके काळी भारतातून इंग्लंडमधल्या शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगनच्या चाकूवाल्यांकडे जायचं, आता ती निर्यात बंद आहे. म्हशीच्या शिंगाला वेगळाच शत्रू. ते नखासारख्याच पदार्थाचं असतं, त्यामुळे लोकर खाणारे किडे त्यालाही कुरतडतात. पेटीत वर्षभर विसरलेल्या चाकूच्या मुठीत गोल गोल चर दिसले तर दचकू नका, ते किड्यांचं काम.

मायकार्टा माझी लाडकी. कापडाचे किंवा कागदाचे थर फेनॉलिक राळेत भिजवून दाबलेले. शंभरएक वर्षांपूर्वी विजेच्या उपकरणांत इन्सुलेशन म्हणून आलेली वस्तू ही. फुगत नाही, तडकत नाही, कानशीनं लाकडासारखी घासता येते. कॅनव्हासची खरबरीत ठेवलेली मायकार्टा ओल्या हातात जास्तच घट्ट बसते. घाम-तेल पिऊन काळवंडते, काहींना ते घाण वाटतं. मला चामड्याच्या जुन्या चपलेसारखं वाटतं, आपल्या पायाचा आकार घेतलेलं.

जी१० म्हणजे तोच प्रकार, पण काचेचं कापड आणि इपॉक्सी. कॉम्प्युटरच्या सर्किट बोर्डाचा सख्खा भाऊ. मजबुतीला तोड नाही. पण घरी घासणार असाल तर मास्क लावा आणि पाणी मारत घासा. मी पहिल्यांदा उघड्या हातानं, बनियनवर बसून घासलं होतं. दोन दिवस कोपरापर्यंत खाज. आणि खाज परवडली, ती काचेची भुकटी फुप्फुसात जायला नको.

टायटॅनियम दिसायला देखणं, पोलादापेक्षा खूप हलकं, गंजत नाही. पण हलकंच हवं असेल तर हिशोब बघा: एका घन सेंटीमीटरला टायटॅनियम साडेचार ग्रॅमच्या जवळ, अ‍ॅल्युमिनियम २.७, जी१० दोनच्या आत. वरून गुळगुळीत. ओल्या हातात साबणाची वडी.

---

समुद्रपक्षी

माझा चाकू होडीवर असतो, म्हणून दोन ओळी. खारं पाणी असेल तर वरची सगळी चर्चा विसरा आणि नायट्रोजनवाली पोलादं बघा, एच१ किंवा एलसी२००एन. त्यात बराचसा कार्बन काढून नायट्रोजन घातलेला असतो, म्हणून क्रोमियम मोकळं राहतं. धार फार टिकत नाही, पण गंज जवळपास नाहीच.

मूठ काच भरलेल्या नायलॉनची. खेळण्यासारखी दिसते म्हणून नाक मुरडू नका, पडून आपटून काही होत नाही. आणि रंग नारिंगी घ्या. काळे दोन चाकू हरवले. समुद्रात नाही, होडीतच, अंधारात.

---

खटका

अवांतर: जुने चाकू जमवणाऱ्यांनी सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्लॅस्टिकच्या मुठीपासून सावध राहावं. शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या, कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या मुठी असतात ना, त्यातल्या बऱ्याच जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या. ते जुनं झालं की कुजतं आणि आम्लाची वाफ सोडतं. एका बंद डब्यात सात चाकू ठेवले होते, त्यात एकच सेल्युलॉइडचा. वर्षभरानं उघडलं तर डब्यातून कापरासारखा उग्र वास, पितळेवर हिरवं बुरशीसारखं काहीतरी आणि शेजारच्या दोन पात्यांची लाल चाळण. सगळ्यात लांब कोपऱ्यातला तेवढा वाचला. तेव्हापासून सेल्युलॉइडवाला एकटाच खिडकीत, उघड्या ताटलीत असतो. ज्वालाग्राहीही आहे, त्यामुळे ऊन लागणार नाही अशा बेतानं.

---

शंकासुर

वाळीत टाकलेला चाकू! बिचारा.

बरं, ते लाटालाटांचं दमास्कस पातं कसं? दिसतं तर फार भारी. आणि काही मुठींना जर्मन सिल्व्हरची टोकं असतात, त्यात चांदी किती?

---

टूलरूमवाला

चांदी शून्य. तांबं, निकेल, जस्त. गंजत नाही आणि घासता येतं म्हणून वापरतात.

आजचं दमास्कस म्हणजे दोन पोलादांचे थर भट्टीत ठोकून जोडलेले, बहुतेक वेळा १०९५ आणि १५एन२०. दुसऱ्यात निकेल असतं, आम्लात बुडवल्यावर ते चमकतं आणि पहिलं काळं पडतं, म्हणून लाटा. चांगल्या हाताचं असेल तर चांगलं कापतं, पण लाटांमुळे नाही. आणि कोणत्या पोलादांचे थर ते सांगायला विकणारा टाळाटाळ करत असेल तर उठून चालू लागा.

आता ज्याबद्दल अजून कुणी बोललं नाही ते. धारेमागची जाडी. निवडुंग, तुमच्याकडे मायक्रोमीटर किंवा निदान व्हर्नियर असेल तर जुन्या पात्याची धार जिथे सुरू होते त्याच्या लगेच वर जाडी मोजा. पातं नवं असताना ती साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर असावी. दरवेळी धार लावताना आपण धार थोडी वर सरकवतो, म्हणजे जाड भागात जातो. बारा वर्षांनी तुम्ही बहुतेक कुऱ्हाडीनं सफरचंद चिरताय. धार आहे, पण पाचर मारल्यासारखं फळ फुटतं. होतं का तसं?

---

निवडुंग

अहो होतं! फोड शेवटी तुटते. मी समजत होतो सफरचंदच तसली येतात.

मोजलं. ०.८ मिमी. टोकाकडे ०.९.

---

टूलरूमवाला

सापडला चोर. एम३९० घ्या नाहीतर आणखी काही, ०.८ जाडीचं कुठलंही पातं ०.३ जाडीच्या साध्या पात्यापुढे रडेल. धार टिकते किती हा प्रश्न नंतर, आधी पातं पुठ्ठ्यात शिरतं किती सहज ते बघा.

भरड दगडावर पातं जवळजवळ आडवं ठेवून दोन्ही गाल, म्हणजे सपाट बाजू घासा. मग नेहमीच्या दगडावर एका बाजूनं साधारण वीस अंशांत, पलीकडे धारेभर बारीक झालर बोटाला लागेपर्यंत. तीच दुसऱ्या बाजूनं काढायची. ग्राइंडरला लावू नका, हात जोडतो. इतक्या पातळ धारेला कोरड्या ग्राइंडरवर डोळ्याचं पातं लवायच्या आत निळा रंग चढतो. साध्या कार्बन पोलादात निळा म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास गेलं, तिथलं पाणी उतरलं. मग तेवढा भाग घासून संपेपर्यंत रोज बोथट होणार.

---

कलमी

सांध्यासाठी: आधी रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडून पातं उघड-मीट करा, काळं-लाल पाणी बाहेर येईल. ते यायचं थांबेपर्यंत पुसत राहायचं. मग लिक्विड पॅराफिनचा एकच थेंब. खायचं तेल घालू नका, महिन्याभरात त्याचा डिंक होतो आणि पातं उघडता उघडत नाही. खिशातला कापसाचा धूळ-गोळा पण काढा हो, टाचणीनं. ओल धरून बसतो तो तिथे. माझ्या चाकूचा गंज नेहमी त्याच्याखालीच सुरू होतो.

---

लाकूडतोड्या

आणि पट्ट्या बदलूनच टाका ना. जुनी पट्टी ठोकून नाही, रिव्हेटचं डोकं कानशीनं घासून काढा. सांध्याच्या पिनेला मात्र हात लावू नका, ती एकदा निघाली की परत बसवणं आपलं काम नाही. नव्या पट्टीचं भोक पिनेपेक्षा केसभर मोठं ठेवा आणि तोंडाशी थोडं खोलगट करा, पिनेचं डोकं त्यात पसरू द्यायचं. हातोडा छोटा, मार हलके, पण पुष्कळ.

---

निवडुंग

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय.

जुना चाकू उघडला. रॉकेल घातल्यावर जे निघालं त्याला गंज म्हणायचं की शेतजमीन, ठरवता येईना. पातं चार संध्याकाळी घासून ०.४ वर आणलं. गालावर ओरखडे पडलेत, दिसायला भयंकर, पण सफरचंदाची फोड आता पडते, तुटत नाही. पुठ्ठ्यात तर आवाजच बदलला. आधी करवतल्यासारखा खर्रर्र यायचा, आता नुसता सुईई.

मुठीला पहिल्यांदा हौसेनं शिसवीच्या पट्ट्या केल्या. दोन रात्री घासून, तेल लावून आरशासारख्या. शेवटच्या पिनेवर शेवटचा म्हणून एक हातोडा जरा जोरात घातला आणि टक्. पिनेपासून टोकापर्यंत सरळ रेघ. लाकूडतोड्या, तुम्ही म्हणालात तशीच, तुम्ही म्हणालात तिथूनच. मग मुकाट्यानं कॅनव्हास मायकार्टा बसवली. एका बाजूची पट्टी दुसरीपेक्षा थोडी जाड झालीय, पण अंगठा नेमका तिथेच टेकतो, त्यामुळे आता मुद्दाम केली असं सांगतो.

---

शंकासुर

म्हणजे नवीन चाकू रद्द? आम्ही एवढं टायटॅनियम-मॅग्नाकट वाचलं ते कशाला?

---

निवडुंग

रद्द कुठला! १४सी२८एन पातं, नारिंगी नायलॉनची मूठ, घेतलासुद्धा. तो गाडीत राहील. खिशात जुनाच. शेजारी टेकवून काढलेला फोटो टाकतोय.

---

टूलरूमवाला

काम झकास. पण फोटोत पातं मिटताना धार पाठीच्या स्प्रिंगवर टेकतेय असं दिसतंय, मधोमध एक चकचकीत ठिपका आहे बघा. घासताना बुडाकडचं टोकही थोडं झिजलं असणार, म्हणून पातं मिटल्यावर जास्त खाली उतरतंय. पात्याच्या बुडाशी, जिथे ते स्प्रिंगवर टेकतं, तिथे जे टोक आहे ना, ते आता अजिबात घासू नका, नाहीतर आणखी उतरेल. खाचेत चामड्याचा पातळ तुकडा चिकटवा, धार त्यावर टेकेल.

---

निवडुंग

अरेच्चा, म्हणून रोज सकाळी मधेच एक ठिपकाभर बोथट! चामडं शोधतो.